कुंपणाला कावीळ

"आपल्यासारखं कुंपण अख्ख्या तालुक्यात सापडायचं नाही!" कृष्णाजीभाऊंनी बायकोला सांगितलं, पण एवढ्या मोठ्याने, की शेजारच्या येसाजीचा बैल दचकला.

भाऊ कंपनीतून निवृत्त होऊन बोर्ली पंचतनजवळच्या आपल्या गावी परतले होते. अंगणाभोवती त्यांनी दुरांटाची चाळीस रोपं लावली. शोभेचं झुडूप ते! जितकं ऊन जास्त, तितकी पानं सोनेरी. उन्हाळ्यापर्यंत कुंपण असं झळाळलं, की भाऊ सकाळचा चहा त्याच्याकडे बघत घेऊ लागले.

येसाजी मात्र आयुष्यभर भात पिकवलेला माणूस. पान पिवळं म्हणजे रोग, एवढंच त्याला ठाऊक.

"भाऊ, झाडां पिवळी पडली की वो!"

"ती पिवळीच असतात!"

"लाजू नका. युरिया हाय माझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको काशी कसल्याशा पाल्याचा रस घेऊन आली. "भाऊ, ही कावीळ हाय. माझ्या माहेरी मान्सांची उतरवतात, झाडाची न्हाय उतरायची?"

"वहिनी, कावीळ माणसाला होते!"

"मग झाडाला काय जीव न्हाय?"

आठवडाभरात पोस्टमनने राखेचा उपाय सांगितला, दूधवाल्याने ताकाचा. एक म्हातारी तर फाटकाशी उभी राहून हळहळली, "चांगली होती बिचारी!" भाऊंचा संताप शिगेला पोचला. त्यांनी पाटी रंगवून टांगली: 'या झाडांवर कृपया कोणीही उपचार करू नयेत.' आणि बायकोला, सगुणाबाईंना घेऊन ते तीन आठवडे लेकीकडे पनवेलला गेले.

तिथे बढाईला ऊत आला. लेकीचे सासरे शिवदासराव नागावचे, बागेचे दर्दी. भाऊंनी त्यांना परतताना गाडीत घालूनच आणलं. "डोळे दिपतील व्याहीबुवा! गॉगल घाला!"

शिवदासरावांनी खरंच गॉगल घातला. गाडी फाटकाशी थांबली.

कुंपणावर नारळाच्या झापांचा मांडव होता. मांडवाखाली चाळीसच्या चाळीस झुडपं. हिरवीगार! कोथिंबिरीसारखी!

"गॉगलमुळे हिरवं दिसतंय का हो?" शिवदासरावांनी विचारलं.

येसाजी आणि काशी धावत आले. दोघांचे चेहरे नुसते फुललेले. "वाचली, भाऊ! सगळी वाचली! उन्हाने जळत होती, सावली केली. दोन येळा युरिया दिला. रोज पानी घातलं!"

"अरे, पण पाटी? पाटी वाचली नाहीस?"

"वाचली की! उपचार करू नका म्हनून लिवलंवतं. काशी रडली. म्हनाली, भाऊंनी आशा सोडली, पन आपन सोडायची न्हाय!"

भाऊ ताडकन उडाले. "सोनं होतं ते, सोनं! त्याचा पालापाचोळा केलात! यापुढे माझ्या कुठल्याही झाडाकडे, पानाकडे, गवताच्या काडीकडेसुद्धा बघायचं नाही! पिवळं असो, निळं असो, तोंडातून अक्षर काढायचं नाही! समजलं?"

"व्हय," येसाजी खालमानेने म्हणाला. काशीने झापं उतरवली आणि डोळ्याला पदर लावून निघून गेली. शिवदासराव जेवताना एकच वाक्य बोलले, "आमच्याकडची मेंदी अशीच दिसते."

भाऊंनी कुंपण छाटलं, ऊन दिलं. पाऊस लागेपर्यंत नवी पालवी पिवळी फुटली. त्यांचा सगळा जीव अंगणात. वडिलोपार्जित शेताची भातलावणी त्यांनी मजुरांकडून उरकून घेतली होती. डोंगराकडच्या शेतावर मुद्दाम जायला सवड कोणाला!

श्रावणात एकदाचे गेले. बांधावर पोचले आणि जागच्या जागी थिजले. आजूबाजूचं भात हिरवंगार, मध्ये भाऊंचं शेत पिवळंधमक! पलीकडच्या खाचरात येसाजी मान वळवून पाठमोरा उभा.

"येसाजी! कधीपासून झालंय हे?"

"पंधरा दिस झालं."

"मग सांगितलं का नाहीस?"

येसाजी आणखीच वळला. "तुमीच म्हनालात, बघायचं न्हाय. आनि रंग एवढा झ्याक, आमाला वाटलं, शोभेचा भात हाय!"

त्या दिवशी भाऊंच्या शेतात खत येसाजीनेच टाकलं. काशी मागून सांगत होती, कुठे किती. भाऊ बांधावरून घमेली भरून देत होते.