आप्पांची हरळी

आमच्या यवतच्या आप्पांना लग्नाच्या पंगतीतून उठून गेलेलं मी स्वतः पाहिलंय. मांडवाच्या खांबाशी त्यांना हरळी दिसली होती. पानावरची जिलबी तशीच टाकून त्यांनी कमरेचं खुरपं काढलं आणि हातभर खणून मूळ बाहेर आल्यावरच परतले. तोवर वाढप्यानं पान उचललं होतं.

"जेवण काय, फुडच्या लग्नात मिळंल," म्हणाले.

हरळी वरून कितीही छाटा, जमिनीत बोटभर मूळ राहिलं की पुन्हा फुटते. आप्पा दुसऱ्याच्या रानात शिरूनही ती खणत. मालकानं हटकलं तर म्हणत, "वरचं काय बघतूस? खालचं बघ."

माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांत एकच भिंत. घरात ते आणि काकू. मूलबाळ नाही. काकूंचं अर्धं अंग वाऱ्यानं गेलेलं. आप्पा त्यांना रोज सकाळी उचलून ओट्यावर बसवत आणि ऊन चढलं की आत नेत.

दोन हजार सालच्या सुमारास आप्पांना शौचावाटे रक्त जाऊ लागलं. मूळव्याध समजून ते सहा महिने ताक पीत राहिले. शेवटी मीच त्यांना पुण्याला नेलं. गुदाशयात कॅन्सरची गाठ निघाली. आधी किरणांचा शेक आणि गोळ्या देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं.

पाच आठवडे आम्ही यष्टीनं जाऊन येऊन होतो. काकूंपाशी तेवढा वेळ माझी जाऊ बसायची. एका सकाळी हॉस्पिटलचा वॉचमन मला शोधत आला. "ताई, तुमचे पेशंट आमचं लॉन उपटतायत." आप्पांनी चटईएवढी जागा साफ केली होती. "पाणी घालून हरळी वाढवत्यात," ते मला कुजबुजले. "ह्यांच्या हातात माझा जीव."

शेक संपल्यावर दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासलं. गाठ बोटाला लागेना, दुर्बिणीतही दिसेना. असं फार थोड्यांचं होतं, म्हणाले. "पण आत मुळं उरली असतील तर ती दिसत नाहीत. ऑपरेशन करावंच लागेल. पोटावर कायमची पिशवी राहील. तीन महिने जड काही उचलायचं नाही."

"गाठ हाय का?" आप्पांनी विचारलं.

"दिसत नाही."

"मग झालं की." आप्पा उठलेच.

यष्टीत मी त्यांना सोडलं नाही. "हरळी दिसत नाही म्हणून तुम्ही कधी रान सोडलंत का, आप्पा?"

 ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रानाला काय, कुणाला उचलून ओट्यावर बसवाया लागत न्हाई."

"मी बसवीन काकूंना."

"तुला जमायचं न्हाई. परका हात लागला की ती अंग चोरती."

मला राग आला. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी ऑपरेशन केलं नाही, ते नाहीच.

दीड वर्षानं पुन्हा रक्त दिसलं. तोवर दुखणं यकृतात गेलं होतं. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

दुसऱ्या सकाळी आप्पा गिरणीत आले. "जरा मशीन बंद कर आन् घरात ये."

काकू खाटेवर होत्या. आप्पा म्हणाले, "आधी तिला सांगायचं, उचलती म्हणून. न सांगता हात घालायचा न्हाई. मग डावा हात पाठीखाली. काखंत न्हाई, तिला गुदगुल्या व्हत्यात."

काकू अर्ध्या तोंडानं हसल्या. मी सांगितलं, हात घातला. त्यांचं अंग लाकडासारखं ताठ झालं.

"पुन्हा," आप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा तेच झालं, तिसऱ्यांदाही. चौथ्या वेळी काकूंनी चांगला हात माझ्या गळ्यात टाकला.

"जमलं," आप्पा म्हणाले, आणि भिंतीला धरून हळूच खाली बसले.