द्रौपदाबाईंच्या मुक्कामवाढीची हकीकत

“असू दे, घेईल कधीतरी,” ऐसा हसरा आवाज सेहेचाळीस वर्षांमागे एका उंबरठ्यावर जाहला. त्या आवाजास प्रथम वंदन करोन हे वर्तमान लिहिले जाते. नवी नवरी द्रौपदाबाई उखाण्यात नवऱ्याचे नाव गिळती जाहली आणि बायका दार अडवून बसल्या, तेव्हा नवरदेवांनीच तिची सोडवणूक केली. पुढे जन्मभर बाईंनी ते नाव ओठी आणिले नाही. घरात ‘अहो’ आणि परक्यात ‘विलासचे बाबा’, इतकेच.

शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी उभयता लेक विलास याजकडे समुद्रापलीकडील राज्यात गेली, आणि चवथे दिवशी रस्ता ओलांडिता मालवाहू गाडीने यजमानांस ठार केले. मग गाडीवाले न्यायसभेत म्हणो लागले, म्हातारा तांबडा दिवा असता धावला. हिरवा दिवा पाहिला तो एकट्या बाईंनी. आणि साक्षीची तारीख पौषात, राहण्याचा परवाना मार्गशीर्षात सरणार. बाई मायदेशी परतल्या तर मागे तांबडाच खरा ठरणार.

मग मुदतवाढीचा अर्ज केला. लेक कामावर होता. कारकुनाने दुभाष्यामार्फत नवऱ्याचे नाव पुसिले आणि बाईंनी सांगितले तेच अक्षरशः लिहिले: विलासचे बाबा. वरिष्ठांनी खटल्याचा कागद ताडून पाहिला, तो मेलेला मनुष्य निराळा आणि नवरा निराळा ऐसे दिसले, सबब अर्ज परत आला.

परवान्याचे शेवटले दिवशी बाईंस समक्ष बोलाविले. बाहेर बर्फ भुरभुरत होते. लेक म्हणाला, “आई, मी सांगतो ना त्यांना.” अधिकाऱ्याने मान हलविली. दुभाषी शकूताई मूळची वर्धेकडची, ती म्हणाली, “मावशी, शपथेवर आहे. साहेबांना तुमच्याच तोंडून पाहिजे.”

“लिहून दाखवते की.”

“लिहून नाही चालत.”

“ते होते तोवर घेतलं नाही, आता घेऊ?”

“आता काय ते रागावणार आहेत, मावशी?”

“ते कधीच रागावले नाहीत गं. तिथंच तर माझं राहून गेलं.”

मग अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिले, आणि लेकाने खाली पाहिले.

येणेप्रमाणे मुक्काम तीन मास वाढला आणि हिरवा दिवा पाहणारी साक्षीस राहिली. कचेरीच्या दप्तरी इतकेच नमूद आहे. दप्तरी नाही ते ऐसे, की बाई खुर्चीतून उठल्या, पदर सावरिला, आणि उंबरठ्यावरच्या नवरीच्या आवाजात बोलत्या जाहल्या:

“हिरवा दिवा लागला तेव्हा पाऊल टाकलं पुढं,
धोंडिबा कळंबे नाव त्यांचं, साहेब, लिहा एवढं.”