राखीव टाकीचं सील

दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको सुट्टीच्या सकाळी क्लबाच्या छोट्या विमानातून फेरफटका मारायला निघाले, तेव्हा डाव्या टाकीत तासाभराचं इंधन होतं आणि उजवी टाकी काठोकाठ भरलेली होती. उजव्या टाकीला हात लावायला मनाई होती.

पूर्वी क्लबात एकच नियम असे. पंखावर चढा, टाकीत काठी बुडवून बघा, आणि उडा. पुढे क्लबाला कमिटी आली. राखीव इंधन संकटासाठी असतं आणि सभासद ते हौसेखातर उडवतात, असं कमिटीच्या निदर्शनास आलं. मग टाकी बदलायच्या खटक्याला तार गुंडाळून शिशाचं सील ठोकण्यात आलं. तीन वर्षांत एकही सील तुटलं नाही. त्याबद्दल कमिटीने स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव दोनदा पास केला.

परतताना समोरून वारा लागला. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"अहो, बंद का केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विणकामातून मान वर केली. लेकीला आठवा महिना लागला होता. सुईवर अर्धं टोपडं होतं.

"मी नाही केलं. डावी संपली."

"मग उजवी लावा."

"सील आहे त्याला."

"तोडा की!"

"अगं, परवानगी लागते."

डॉक्टरांनी रेडिओवर क्लबाच्या सेक्रेटरींना गाठलं. सेक्रेटरी शांत माणूस. ते जमिनीवर होते.

"डॉक्टर, नियमात 'संकट ओढवल्यास' असं आहे. ओढवलंय, की ओढवणार आहे?"

"खालची झाडं मोठी दिसायला लागलीत हो!"

"म्हणजे ओढवणार आहे. त्याला वेगळा अर्ज. दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या. खजिनदार आंघोळीला गेलेत, येतीलच. थांबता का जरा?"

"थांबतो," डॉक्टर म्हणाले. चाळीस वर्षं तोंड उघडून बसलेल्या पेशंटांना ते हेच सांगत आले होते.

"कशावर थांबताय?" डॉक्टरीणबाई ओरडल्या. विणकामाची कात्री घेऊन त्यांनी तार कापली आणि खटका फिरवला. इंजिन कुरकुरलं आणि सुरू झालं. विमान शेंड्यांना घासत घरी आलं.

चौथ्या दिवशी चौकशी बसली. टेबलावर बशीत तुटकं सील ठेवलं होतं.

"आपण दोघं जिवंत आहात?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिसतंय ना समोर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"विमान शाबूत?"

"आहे."

"म्हणजे संकट ओढवलं नाही. विनासंकट सील तोडलंत."

"तोडलं म्हणून नाही ओढवलं!"

"तो आपला अंदाज, बाई. पुरावा काय?"

"आता त्याचा पुरावा कुठून आणू?"

"विमान पडलं असतं तर मिळाला असता," सेक्रेटरी हळहळले.

डॉक्टरांपुढे माफीनामा सरकवण्यात आला.

"अहो, सही करू नका. उद्या कुणी मरेल याच्यापायी."

"जाऊ दे गं. पुढच्या सुट्टीला विमान नको का मिळायला?" त्यांनी सही केली, आणि खाली तारीखही घातली.

माफीनाम्याची प्रत प्रत्येक विमानात, खटक्याच्या बरोबर वर, चिकटवण्यात आली. दोन महिन्यांनी एका विमा एजंटाचं इंजिन तसंच बंद पडलं. त्याने प्रत वाचली, हात मागे घेतला आणि विमान नांगरलेल्या शेतात उतरवलं. म्हणजे ते आपणच उतरलं. उजवी टाकी भरलेली, सील अखंड, दोन्ही पाय मोडलेले.

त्याचा जाहीर सत्कार झाला. व्हीलचेअर स्टेजवर चढवायला चार जण लागले. "शिस्त याला म्हणतात!" अध्यक्ष म्हणाले, आणि सभागृह टाळ्यांनी दणाणलं. डॉक्टरही वाजवत होते. नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मागे वळून पाहिलं. एकजण तरी हात आवरून बसला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

त्यांची नजर तुमच्यावर येऊन थांबली. तुम्ही तर उभे राहून वाजवत होतात.