फोडांवर खूश असलेले अण्णा

वहिनींच्या तोंडावरचे फोड घालवायला मी लेप दिला, ही चूक झाली.

आमचे शेजारी अण्णा रोज सकाळी वहिनींना ओट्यावर उन्हात बसवतात, भिंगातून त्यांचा चेहरा न्याहाळतात आणि फोड दिसले की खूश होतात. "आलंय! झकास आलंय!" बायकोच्या फोडांचं एवढं कौतुक करणारा नवरा केडगावात दुसरा नसेल.

अण्णा शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले, वर्ग काही सुटला नाही. वहिनींच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला तेव्हा त्यांनी भाजीवाल्यालासुद्धा धरून बसवलं. "पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो. दारावरची बेलच समज. वाजली की पेशी वाढते. पोटातल्या बाळाची कातडी, पापण्या त्याच्याच जोरावर घडतात. हिच्या फुप्फुसात बटण अडकलंय, बेल थांबतच नाही. गोळी ती बंद करते. कातडीतलीही करते, म्हणून फोड. फोड आले म्हणजे गोळी लागू पडली. कळलं? परत सांगू?"

भाजीवाला कोथिंबीर फुकट देऊन सुटला.

मीही हे ऐकलं होतं. तरी वहिनींच्या तोंडाची आग बघवेना, म्हणून आमच्या आईचा लेप नेऊन दिला. त्यांनी तो गुपचूप लावला. चेहरा निवळला. शाबासकी घ्यायला गेलो, तर अण्णा भिंग मांडीवर ठेवून बसलेले.

"गोळी लागू पडेना झाली," ते म्हणाले.

मी लेपाचं कबूल केलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं नव्हतं. स्कॅन होईपर्यंत त्यांनी कुणालाच धरून शिकवलं नाही; भाजीवाला निर्धास्त येऊन जायचा.

पुण्यात स्कॅन झाला. गाठ आकसली होती. डॉक्टर म्हणाले, फोड ओसरले म्हणजे गोळी थांबली असं नसतं. आणि ते लेपानं गेले, असंही समजू नका.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्याच गोळीनं वहिनींच्या पापण्यांचे केस वाढून डोळ्यांत टोचत होते. अण्णा बारीक कात्रीनं ते कापत होते.

"मीट डोळे. घाबरू नकोस."

"मी कुठं घाबरती? तुमचाच हात थरथरतोय."

अण्णांनी कात्री खाली घेतली, बाहीनं स्वतःचे डोळे पुसले, पुन्हा उचलली. जन्मात त्यांना असं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं. धीराचे दोन शब्द बोलावेत म्हणून पुढे झालो.

वहिनी डोळे मिटूनच म्हणाल्या, "भावजी, बाजूला सरका. उजेड अडवलाय तुमी."