सुपडूभाऊंचा पत्र्याचा घोडा

पोळ्याच्या दिवशी सुपडूभाऊंच्या शेतीसामानाच्या दुकानात काही घ्यायला जाऊ नका. दुकान उघडं असतं, भाऊ गल्ल्यावर बसलेले असतात, पण माल सगळा भिंतीकडे तोंड करून. हत्तीचं ग्रीस, बैलजोडीचं खत, वाघाचं कीटकनाशक, डब्या-पोत्यांवर छापलेल्या सगळ्या जनावरांच्या पाठी आपल्याकडे.

"आज यांची सुट्टी आहे," भाऊ सांगतात. "बैलाला पोळा असतो, मग यांनी काय पाप केलं? वर्षभर कंपनीसाठी राबतातच ना?"

एकदा निंबोल्याचा एक शेतकरी धापा टाकत आला. पाइपाचा जोड फुटला होता, केळीत पाणी साचलं होतं. भाऊंनी त्याची समजूत काढली, "जोड घोडाछाप आहे, अन् घोडा आज सुट्टीवर आहे, बाबा." तो रडकुंडीला आला. मग भाऊंनी अर्धं दुकान उपसलं आणि चंद्राचं चित्र असलेलं एक खोकं शोधून काढलं. चंद्राला पोळा नसतो, म्हणून तो जोड विकला गेला.

माझं बटणा-अस्तराचं दुकान त्यांना लागून आहे. मी चिडका माणूस, मला असले चाळे खपत नाहीत. पण खरं सांगतो, आमच्या अख्ख्या बुऱ्हाणपुरात दुसरा सुपडूभाऊ नाही, आणि नाही याचं मला वाईट वाटतं.

आमच्या घरी ते टीव्ही बघायला बसले की बायको रिमोट लपवते. एकदा जाहिरात लागली. एक पांढरा घोडा समुद्राकाठी उधळलाय, आयाळ उडतेय, आणि शेवटी दिसतो बनियान घातलेला एक गडी. भाऊ उसळलेच.

"बनियान याची, अन् पळायचं घोड्यानं? पळाल्यावर पाणी पाजलं का त्याला? ते दाखवा ना! मुक्या जिवाला कोणी विचारलं का?"

हे त्यांचं पालुपद. मुक्या जिवाला विचारलं का? एका कंपनीनं माकडाला कोट-टाय घातलेली कॅलेंडरं पाठवली, तर भाऊंनी गठ्ठाच्या गठ्ठा परत केला. "उकाड्यात आम्ही नुसती बंडी घालून बसतो, अन् त्याला टाय?" खकनारची गिऱ्हाइकं वर्षभर कॅलेंडर मागत राहिली आणि भाऊ वर्षभर तेच उत्तर देत राहिले.

पण त्यांचा खरा जीव होता घोड्याच्या पाइपावर. कंपनीचं नाव कोणी घेतच नाही, सगळे घोड्याचा पाइपच म्हणतात. त्या कंपनीची पत्र्याची पाटी दुकानाच्या दाराशी जमिनीवरच उभी असायची. तिच्यावर वासराएवढा तांबडा घोडा, पुढचा पाय उचललेला. सकाळी शटर वर गेलं की भाऊ त्याच्या मानेवरून हात फिरवणार, "काय राजा, झोप झाली?" विचारणार, मगच उदबत्ती.

यंदा कंपनीचा साहेब इंदूरहून आला. कोवळा पोरगा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. "अंकल, लोगो बदल गया है. घोड़ा हट गया." नवी पाटी त्यानं उलगडली. तिच्यावर एक हिरवी वळवळती रेघ.

भाऊंनी चष्मा पुसून पाहिलं. "हे काय, वेल आहे की जंत?"

साहेब हसला नाही. जुनी पाटी कापून तिचे तुकडे करायचे आणि फोटो पाठवायचा, असा हुकूम होता. नाहीतर एजन्सी बंद. भाऊंचा मुलगा नरेश घाबरून गेला. दुकानातला अर्धा माल त्याच कंपनीचा.

"पप्पा, ज़िद मत करो. पत्रा आहे तो!"

"ज्यानं यांचे पाइप गावोगाव नेले त्याला कापायचं? बैल म्हातारा झाला तर दावणीला बांधतात रे, नरेश. तुकडे नाही करत."

दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. नरेशचंही चुकत नव्हतं, त्याला दोन पोरी आहेत. मलाही भाऊंचा राग आला. पत्र्यापायी पोटावर पाय आणतोय म्हातारा, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

तिसऱ्या दिवशी भाऊ स्वतः पत्रा कापणाऱ्या कारागिराला घेऊन आले. मला वाटलं, हरले. त्यांनी खडूनं घोड्याच्या अंगाभोवती रेघ ओढली. कानाला कात्री लागू नये म्हणून स्वतः पाटी धरून बसले. तासाभरानं कंपनीच्या नावाचे तुकडे एकीकडे पडले आणि घोडा अख्खाच्या अख्खा सुटून बाहेर आला.

"पाटी कापली का? कापली. तुकडे झाले का? झाले," भाऊ नरेशला म्हणाले. "काढ फोटो." आणि फोटोपुरता घोडा त्यांनी हळूच माझ्या दुकानात सरकवला.

मोबाइलवर साहेबाचा अंगठा आला. नरेश बापाकडे पाहून तीन दिवसांत पहिल्यांदा हसला.

संध्याकाळी लूनावर भाऊ पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर घोडा. चौकात कोणीतरी ओरडलंच, "काय बटणवाले, वरात कुठे चालली?"

"वरात नाही," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "नोकरी सुटली त्याची. घरी चाललाय."

घरी भाऊ एकटेच. वहिनी गेल्या, नरेश नव्या कॉलनीत राहतो, चल म्हणतो, हे जात नाहीत. घोडा त्यांनी पलंगाशेजारी भिंतीला टेकवला, मागे सरून पाहिला, परत थोडा जवळ ओढला. मग मला म्हणाले, "तुझ्याकडे मखमलीची पट्टी असेल ना रे? याच्या कडेला लावायची. पत्र्याची धार लागते."

"इथं कोणाला लागणार, भाऊ?" मी सहज बोलून गेलो.

"मलाच. रात्री जाग येते, तर पलंगाच्या या बाजूला हात जातो. ही इकडेच निजायची ना." ते घोड्याकडे बघत होते. "जुनी सवय आहे रे, जात नाही."

एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी तसाच दुकानावर परत गेलो, शटर उघडलं, आणि लग्नाच्या शालूला लावतात ती सगळ्यात मऊ मखमल काढली.

कानापासून शेपटापर्यंत पट्टी आम्ही दोघांनी मिळून लावली. भाऊंनी डोळे मिटून सगळ्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "हां. आता नाही टोचत."