दोन सीटांच्या गाडीची प्रगती

मनुष्यजातीची आजवरची सगळी प्रगती चांगल्या चालणाऱ्या वस्तूला हात लावल्यामुळे झालेली आहे. बंद पडलेली वस्तू नुसती दुरुस्त होते, तिच्यात प्रगतीला वाव नसतो. प्रगतीसाठी वस्तू ठणठणीत, तक्रार न करणारी आणि घरातल्या निदान एका माणसाला मनापासून आवडणारी लागते. (त्या माणसाला प्रगतीच्या बैठकीला बोलवायचं नसतं.)

दातांच्या डॉक्टरांकडे अशी एक वस्तू होती. लाल रंगाची, बुटकी, जुनी स्पोर्ट्स कार. सीट दोनच, एक डॉक्टरांची आणि एक डॉक्टरीणबाईंची. दर रविवारी सकाळी दोघं घाट चढून डॉक्टरांच्या सासूबाईंना भेटायला जात. गाडीचं इंजिन बेताचं, अर्ध्या घाटात ते तापायचं. मग मोठ्या वळणावर गाडी उभी राहायची आणि ती निवेपर्यंत दोघं कठड्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायची. आठवडाभर लोकांच्या जबड्यात डोकं घालून बसलेला नवरा डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला यायचा तो तेवढ्या चहापुरता. तिथे पेशंट नव्हते आणि फोनला रेंज नव्हती. मुलीचं लग्न, घराचा रंग आणि डॉक्टरांचं घोरणं हे तिन्ही गंभीर प्रश्न त्या कठड्यावरच मार्गी लागले होते. चढ सुरू झाला की बाई डॅशबोर्ड थोपटून "चल गं बाई, चल" म्हणायच्या, आणि गाडी बिचारी जमेल तसं चालायची.

म्हणजे प्रगतीच्या सर्व अटींची पूर्तता झालेली होती. फक्त निमित्त हवं होतं, आणि ते एका रविवारी शहर बससेवेने पुरवलं. चढावर मागून बस आली, तिने गाडीला आरामात मागे टाकलं, आणि मागच्या खिडकीतून डॉक्टरांच्याच एका पेशंटने हात हलवला. हलवला तो हलवला, वर तोंडभरून हसलाही. कवळी डॉक्टरांनीच बसवलेली होती. आपणच घडवलेल्या दातांनी आपल्यालाच हसावं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं.

"मोठं इंजिन टाकतो तिला," घरी येताच त्यांनी जाहीर केलं.

"अहो, कशाला उगाच?"

"अगं, चढावर दम लागतो तिला."

"चढावर मलाही दम लागतो. मलाही काही टाकणार आहात का?"

सदर सूचनेची नोंद घेऊन ती निकाली काढण्यात आली. त्यानंतर त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वतः डॉक्टर. तांत्रिक सल्लागार म्हणून गॅरेजवाला वस्ताद, ज्याने उभ्या आयुष्यात कुठल्याही कामाला नाही म्हटलेलं नव्हतं. (पूर्ण झालेलं काम मात्र अद्याप कोणाच्या पाहण्यात नाही.) तिसरा सदस्य डॉक्टरांचा मेहुणा, त्याची निवड अनुभवाच्या निकषावर झाली. त्याने स्वतःच्या स्कूटरला ट्रकचा भोंगा बसवला होता, आणि तेव्हापासून त्याच्या बायकोने चालण्याचा व्यायाम सुरू केला होता.

इंजिन मिळालं ते एका सेवानिवृत्त रुग्णवाहिकेचं. ते जुन्या इंजिनाशेजारी ठेवल्यावर जुनं इंजिन त्याच्या पोटचं वाटू लागलं. "बसेल का हो हे?" डॉक्टरांनी विचारलं. "होऊन जाईल," वस्ताद म्हणाला. हे त्याचं नेहमीचं तांत्रिक मत होतं, आणि ते तो इंजिनाकडे न बघताही देऊ शकत असे.

मापं घेण्याच्या बाबतीत मात्र डॉक्टरांनी तडजोड केली नाही. टेप लावून मापं सुतार घेतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी दातांचा साचा घ्यायचा गुलाबी लगदा घमेल्यात कालवला, बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या रिकाम्या जागेचा साचा घेतला. त्यावरून प्लास्टरचा हुबेहूब नमुना काढला आणि तो दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत वाळत ठेवला. तो बघून एका पेशंटची दुखरी दाढ जागच्या जागी दुखायची थांबली. साच्याबरहुकूम वस्तादाने इंजिनाचे कोपरे तासले, गाडीच्या आतल्या कडा कापल्या, आणि इंजिन आत बसलं. काय बसलं म्हणून सांगावं! इकडून तिकडे बोट सरकायला जागा नव्हती. (एक बोट आत होतं. ते वस्तादाचं होतं आणि बरंच तेल सोडून ते सहीसलामत काढण्यात आलं.) इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याला अर्थातच जागा उरली नाही. पण एवढ्या वेगाने जाणाऱ्या गाडीला वारा फुकट लागणार, हे मेहुण्याने निदर्शनास आणून दिलं.

कवळी बसवल्यावर डॉक्टर प्रत्येक पेशंटला न चुकता म्हणत, "आता तोंड मिटून बघा, कुठे उंच लागतंय का?" गाडीला हे विचारायचं राहून गेलं होतं. साचा तोंड उघडं असताना घेतलेला, त्यामुळे बॉनेट मिटेना. मग बॉनेटला भगदाड पाडण्यात आलं आणि त्यातून इंजिनाचा माथा बाहेर डोकावू लागला.

यापुढचं सगळं ओघाने आलं, त्यात कुणाचाही दोष नाही. इंजिन जड म्हणून गाडीने नाक टेकलं, सबब ट्रकच्या स्प्रिंगा आल्या. ताकद वाढली म्हणून मोठे ब्रेक, ब्रेक मावावेत म्हणून मोठी चाकं, चाकं घासतात म्हणून मडगार्डांची छाटणी. एवढं ओझं पेलायला खालून लोखंडी पट्ट्या मारल्या. जुन्या गिअरबॉक्सने हाय खाल्ली, तेव्हा आणला नवा, ऐसपैस. तो बाईंच्या पायांच्या जागेत पसरला. मोठ्या इंजिनाची तहानही मोठी, म्हणून पेट्रोलची टाकी मोठी हवी, आणि ती ठेवायला गाडीत दोनच जागा होत्या. समितीने दोन्ही सीटांचा तौलनिक अभ्यास केला. एका सीटसमोर स्टिअरिंग होतं, दुसरीसमोर काहीच नव्हतं. निर्णय एकमताने झाला.

काढलेली सीट घरी आली. डॉक्टरीणबाई तिच्यावर हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"आणि रविवारी मी कुठे बसायचं?"

"अगं, तुझं वजन कमी झालं की ती आणखी पळेल!" डॉक्टर उत्साहाने म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं, पण तोवर वस्तादाने किल्ली हातात ठेवली होती.

"ठीक आहे. मी बसने जाते," बाई म्हणाल्या. त्यांना फार लागलं होतं, पण थर्मास त्यांनी नेहमीसारखाच भरला.

रविवारी गाडी सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि वस्तादाच्या डोळ्यांत पाणी आलं. (थोडा धूरही होता.) सपाट रस्त्यावर ती अशी काही सुटली की ज्याचं नाव ते. मग घाट लागला. इंजिनाने वाढलेली ताकद आणि त्या ताकदीपायी वाढलेलं वजन यांची तंतोतंत फिटंफाट झाली, आणि गाडी पूर्वीच्याच वेगाने चढू लागली. आवाजात मात्र भरीव वाढ दिसून आली. मोठ्या वळणावर ती तापली आणि उभी राहिली.

डॉक्टर कठड्यावर एकटेच बसले. समोर तीच दरी, पण चहा नाही आणि बोलायला कुणी नाही. बॉनेटच्या भगदाडातून निघणारी वाफ बघत बसण्यापलीकडे काही काम नव्हतं. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

एवढ्यात बस आली. मागच्या खिडकीतून कवळी हसली. पण बस पुढे जाऊन थांबली, आणि कंडक्टरची बोलणी खात डॉक्टरीणबाई थर्मास सांभाळत खाली उतरल्या. डॉक्टर धावतच गेले.

"चुकलं माझं," ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले. "तुझी सीट परत बसवतो. उद्याच."

"आधी चहा घ्या," बाई म्हणाल्या आणि कठड्यावर आपल्या जागी बसल्या. त्यांनी गाडीकडे बघितलं. बॉनेटचा चटका बसेल म्हणून त्यांनी कठड्यालाच थोपटलं. "बरं वाटलं हो. किती दिवस झाले इथे बसून."

दोघांनी चहा घेतला. गार वारा सुटला होता, आणि डॉक्टर इतके सुखात होते की त्यांनी बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांची नजर वाफेकडे गेली. ती तिथेच खिळली.

"काय गं," ते हळूच म्हणाले, "रेडिएटर लहान पडतोय असं नाही वाटत तुला? जरा मोठा बसवला तर..."

बाईंनी त्यांच्या हातातला कप काढून घेतला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि पुढच्या बसला हात करायला त्या रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

जे वाचक इथे डॉक्टरांना हसले, त्यांच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. परंतु "रेडिएटर राहू दे, आधी पंखा लावायला हवा" असं ज्यांच्या मनात केव्हाच येऊन गेलं आहे, त्यांना समिती सहर्ष सामावून घेईल. घरच्यांनी बसची वेळ तेवढी बघून ठेवावी.