राजाचे निर्मळ खानदान

सहादेवरावांच्या राजा नामक ठिपकेदार श्वानास जामखेडच्या एका कंत्राटदाराची तशीच ठिपकेदार कुत्री सांगून आली होती. अट एवढीच, की राजा अस्सल डाल्मेशियन जातीचा आहे, असे कोणा जाणकाराने सांगावे. सहादेवरावांनी त्यास घोडेगावच्या बाजारातून, म्हशींच्या गर्दीत, छगन नावाच्या व्यापाऱ्याकडून आणले होते. त्यामुळे गावकरी त्याचे ठिपके ओल्या फडक्याने पुसून पाहत असत. सोयरीक जुळली, तर त्या फडक्यांना परस्पर उत्तर मिळणार होते.

अशा समयी पुण्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. जातिवंत कुत्र्यांत पिढीजात चालत येणाऱ्या रोगांचा रक्तावरून शोध घेणे, हे त्यांचे संशोधन. मुलाकडचा मामा या नात्याने छगनही टोपी घालून हजर झाला.

बाईंनी सहादेवरावांच्या पत्नी गोजरबाई यांच्याकडून पितळी थाळी मागून घेतली व राजाच्या पाठीमागे वाजवली. राजाने जांभई दिली.

"हा बहिरा आहे."

"बहिरा न्हाई, शांत हाय," सहादेवराव म्हणाले.

"याच्या घराण्यात आणखी कुणी बहिरं होतं का?"

सोयरिकीच्या बैठकीत असा प्रश्न आल्यास काय उत्तर द्यावे, हे सहादेवरावांस तोंडपाठ होते.

"छ्या. निर्मळ खानदान हाय. काय रं छगन?"

"ह्याच्या आईला पानाची सळसळ ऐकू यायची, बाई. बाप तर मनातलं ऐकायचा."

बाईंनी रक्तासाठी काढलेली सुई पेटीत परत ठेवली. "मग माझ्या उपयोगाचा नाही. या जातीत बहिरेपण रक्तातूनच येतं, म्हणून तर मी आले. घराणं इतकं ठणठणीत असेल, तर मला याच्या जातीचीच शंका येते."

सहादेवराव ओट्यावर पुढे सरकले.

"आजा हुता की," सहादेवराव म्हणाले. "ठार."

"दोनी मावश्या बी." छगनने टोपी काढली. "आईच्या कानाशी फटाका लावला तरी उठायची न्हाई."

"आणि पानाची सळसळ?"

"ती आमची म्हस, बाई."

बाईंनी राजाचे रक्त घेतले. "जात अस्सल आहे. पण याचं लग्न लावू नका, पिल्लांतही हाच दोष उतरेल."

यातील पहिले वाक्य सहादेवरावांनी सायंकाळपर्यंत गावभर पोहोचवले. सोयरीक मोडली, परंतु फडकी थांबली.

"आमच्या सोयरिकीच्या वक्ताला अशी बाई यायला पायजे हुती," चुलीपाशी गोजरबाई म्हणाल्या. "मामंजींना हाका मारून माझा घसा गेला. तुमचं रगत कुनी बगितलं? अवं, चहा निवतोय."

ओट्यावर सहादेवराव राजाच्या शेजारी बसले होते. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.